परिसर-मानसशास्त्र : पदव्युत्तर अध्ययन

पर्यावरणाची शाश्वतता, मानसशास्त्र आणि जाणीव यांचा एकत्र विचार करणारी, मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवली जाणारी आंतरविद्याशाखीय अध्ययनशाखा. हवामानबदल, जंगलतोड, प्रदूषण यांविषयी पुरेशी माहिती हाती असूनही माणसे आपले वागणे का बदलत नाहीत, निसर्गाच्या सहवासाचा मनावर काय परिणाम होतो आणि ‘मी’ या कल्पनेची सीमा स्वतःच्या देहापाशी संपते की भोवतालच्या सजीवसृष्टीपर्यंत जाते, असे तीन निरनिराळ्या जातींचे प्रश्न ती हाताळते. यांपैकी पहिले दोन मोजमापाच्या कक्षेत बऱ्याच अंशी येतात. तिसरा सहजी येत नाही, आणि या शाखेतील बहुतेक वाद तिथेच उद्भवतात.

तिचे दोन प्रवाह वेगवेगळ्या उगमांतून आले. पहिला प्रवाह पर्यावरणीय मानसशास्त्राचा. न्यूयॉर्क येथील सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये हॅरॉल्ड प्रोशान्स्की, विल्यम इटेलसन आदींनी १९६८ मध्ये या विषयाचा डॉक्टरेट अभ्यासक्रम सुरू केला, तर इंग्लंडमधील सरे विद्यापीठात १९७३ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू झाला. सुरुवातीला या संशोधकांचे लक्ष रुग्णालयातील कक्ष, वर्गखोल्या, गर्दी आणि गोंगाट अशा मानवनिर्मित परिसराकडे होते. झाडे आणि पाणी त्यांच्या अभ्यासात नंतर आली.

या बदलाचे चांगले उदाहरण म्हणजे रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि वय, लिंग इत्यादी बाबतींत जुळणाऱ्या २३ जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीसमोर विटांची तपकिरी भिंत होती. झाडांना पाने असतात त्याच महिन्यांतल्या नोंदी घेण्याची दक्षताही त्यांनी बाळगली. झाडे दिसणाऱ्या रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा ठरला. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली आणि त्यांच्याविषयी परिचारिकांनी लिहिलेले प्रतिकूल शेरेही कमी होते. नमुना लहान आहे, हे खरेच. पण इतक्या साध्या मांडणीचा आणि इतका उद्धृत झालेला अभ्यास या क्षेत्रात विरळाच. मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅपलान यांनी याच सुमारास अवधान-पुनःस्थापनेचा सिद्धांत मांडला. प्रयत्नपूर्वक एकवटलेले लक्ष थकते आणि निसर्गात ते अनायास गुंतत असल्यामुळे त्याला विसावा मिळतो, असे त्याचे सार आहे.

दुसरा प्रवाह मानसोपचार आणि तत्त्वज्ञान यांतून आला. माणसाच्या मानसिक जडणघडणीत प्राणी, वनस्पती आणि भूप्रदेश यांचा वाटा मनोविश्लेषणाने दुर्लक्षिला आहे, असे हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९६० मध्येच लिहिले होते. नॉर्वेजियन तत्त्वज्ञ अर्ने नेस यांनी १९७३ मध्ये ‘डीप इकॉलॉजी’ची, म्हणजे निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मूल्य आहे या विचाराची, मांडणी केली आणि पुढे ‘परिसरव्यापी स्व’ ही कल्पना तीत आणली : ज्याचा स्व नदी-डोंगरांपर्यंत विस्तारला आहे, त्याला निसर्गरक्षण हा त्याग वाटत नाही, ते स्वसंरक्षणच असते. थिओडोर रोझॅक यांनी १९९२ मध्ये ‘द व्हॉइस ऑफ द अर्थ’ या पुस्तकातून या विचारांना ‘इकोसायकॉलॉजी’ या नावाखाली एकत्र आणले.

जाणिवेचा विषय विद्यापीठीय चौकटीत येण्यामागे आशियाई विचारपरंपरांचा हात आहे, ही बाब पाश्चात्त्य इतिहासलेखनात बरेचदा तळटीपेत जाते. श्रीअरविंदांचे अनुयायी, बंगाली तत्त्वज्ञ हरिदास चौधुरी १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि १९६८ मध्ये त्यांनी तिथे जी संस्था स्थापली, तीच आजची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज. परिस्थितिकी (इकॉलॉजी), अध्यात्म आणि धर्म यांचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे विकसित झाला. तिबेटी बौद्ध आचार्य चोग्याम त्रुंग्पा यांनी १९७४ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे सुरू केलेल्या नरोपा या संस्थेत ध्यानाभ्यासाला जोडून इकोसायकॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण उभे राहिले. कॅलिफोर्नियातील पॅसिफिका ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटने हा विषय मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्या परंपरेतील, अबोध मनाचा शोध घेणाऱ्या सखोल मानसशास्त्राशी आणि समुदाय-मानसशास्त्राशी जोडला.

अभ्यासक्रमांत सामान्यतः परिस्थितिविज्ञानाची मूलतत्त्वे, सामाजिक व विकासात्मक मानसशास्त्र, संशोधनपद्धती, पर्यावरणनीती आणि प्रबंध यांचा समावेश असतो. वेगळेपण दिसते ते क्षेत्रकार्यात. विद्यार्थी निसर्गातील एक जागा निवडतो, ठरावीक काळ वारंवार तिथेच एकटा बसतो आणि परतल्यावर लगेच टिपण करतो : काय दिसले, काय ऐकू आले, कंटाळा कधी आला, लक्ष कुठे भरकटले. अशा टिपणांचे नंतर गुणात्मक पद्धतीने विश्लेषण होते. स्वतःचा अनुभव ही सामग्री म्हणून वापरताना संशोधकाचे पूर्वग्रह तीत मिसळणारच, म्हणून ते उघडपणे नोंदवण्यावर चांगले मार्गदर्शक भर देतात. ही शिस्त सुटली की प्रबंधाचे रूपांतर भावपूर्ण रोजनिशीत व्हायला वेळ लागत नाही.

संख्यात्मक बाजूला प्रश्नावल्या आणि प्रयोग येतात. मेयर आणि फ्रँट्झ यांची २००४ मधील निसर्गाशी जोडलेपणाची मापनश्रेणी १४ विधानांची आहे. वर्तनाविषयीच्या प्रयोगांपैकी गोल्डस्टाइन, चाल्डीनी आणि ग्रिस्केविशियस यांचा २००८ चा हॉटेलमधील प्रयोग बहुतेक वर्गांत चर्चिला जातो. ‘पर्यावरण वाचवा’ असे नेहमीचे आवाहन लावलेल्या खोल्यांत सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असे सांगितल्यावर हे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर गेले. निसर्गाच्या सहवासाचा मनावरील परिणाम मोजणारे प्रयोगही झाले आहेत. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की रहदारीच्या रस्त्याकडेने चालणाऱ्यांच्या तुलनेत नैसर्गिक परिसरात ९० मिनिटे चालून आलेल्यांच्या मनातील नकारात्मक विचारांचे दळण कमी झाले आणि त्याच्याशी निगडित मेंदूभागातील क्रियाही मंदावली.

अलीकडे पर्यावरणीय दुःख आणि चिंता हा अध्ययनाचा मोठा विषय झाला आहे. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात कोळशाच्या खुल्या खाणींनी भूप्रदेश पालटला, तेव्हा आपल्याच घरात राहूनही घर गमावल्याची जी व्यथा तिथल्या रहिवाशांना जाणवत होती, तिला ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. १० देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या १०,००० तरुणांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ टक्क्यांनी हवामानबदलाविषयी खूप किंवा अत्यंत काळजी वाटत असल्याचे सांगितले. ४५ टक्क्यांच्या मते या भावनांचा त्यांच्या दैनंदिन जीवनावर प्रतिकूल परिणाम होत होता. अशा चिंतेला विकार मानून तिच्यावर उपचार करायचे, की खऱ्या संकटाला दिलेला तो सुबुद्ध प्रतिसाद मानायचा, याविषयी अभ्यासकांत चर्चा असली, तरी कल दुसऱ्या बाजूला आहे.

जाणीव बदलली की वागणे आपोआप बदलेल, हे या शाखेचे सर्वांत लाडके आणि सर्वांत दुबळे गृहीतक आहे. जर्मनीत सुमारे १,००० व्यक्तींच्या पाहणीवरून मोझर आणि क्लाइनह्यूकेलकोटेन यांनी २०१८ मध्ये दाखवले, की पर्यावरणप्रेमी म्हणून असलेली ओळख हेतुपुरस्सर केलेल्या निसर्गस्नेही कृतींशी जुळते, पण एकूण ऊर्जावापर ठरतो तो प्रामुख्याने उत्पन्नावरून. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालानुसार मागणीच्या बाजूच्या, म्हणजे वस्तू व ऊर्जेचा वापर बदलणाऱ्या, उपायांनी इमारती, वाहतूक यांसारख्या अंतिम वापराच्या क्षेत्रांतील हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०५० पर्यंत ४० ते ७० टक्क्यांनी घटू शकते. मात्र त्यात सामाजिक बदलाबरोबरच पायाभूत सुविधा आणि तंत्रज्ञान यांचाही वाटा धरलेला आहे. आणखी एक आक्षेप असा, की माणूस निसर्गापासून तुटला आहे हे विधान शहरी सुखवस्तू वर्गाच्या अनुभवावर आधारलेले आहे. जंगल आणि शेती यांवर गुजराण करणाऱ्यांना ते तसेच लागू पडत नाही. समुदाय आणि आदिवासी ज्ञानपरंपरा यांना काही अभ्यासक्रमांनी नंतर जागा दिली, ती या आक्षेपाला धरूनच.

पदवीधर पर्यावरण-शिक्षण, निसर्गसंवर्धन संस्था, संवाद व धोरण, वर्तन-संशोधन आणि निसर्गाधारित समुपदेशन या क्षेत्रांत काम करतात. समुपदेशनाच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा लागतो : इकोसायकॉलॉजीची पदवी म्हणजे मानसोपचाराचा परवाना नव्हे, आणि ज्या ठिकाणी तो कायद्याने आवश्यक आहे, तिथे चिकित्सालयीन प्रशिक्षण आणि पर्यवेक्षणाखालील काम स्वतंत्रपणे पूर्ण करावे लागते.