पात्यावरचा थर : नागपूरच्या स्वयंपाकघरातलं पोलाद आणि त्याचा गंज

पावशी म्हणजे विळी, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवते. आमच्या घरची पावशी काळी होती. धारेची कड तेवढी चांदीसारखी, बाकी पातं काळंभोर. भाजी चिरून झाली की आई ती धुवायची, त्यासाठीच ठेवलेल्या फडक्यानं लगेच कोरडी करायची आणि तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी ओघळलेला थेंब बोटानं टिपून पात्यावर फिरवायची. "नाही तर जंग लागतो," एवढंच सांगायची. या तीन हालचालींमागे किती मोठा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या काही वर्षांत कार्बन स्टीलचे, म्हणजे गंज धरणाऱ्या साध्या पोलादाचे, चाकू पुन्हा घरात येऊ लागलेत. कुणी लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यातून घडवून घेतं, कुणी जपानी बनावटीचा मागवतं. धार सुरेख लागते आणि बोथट झाली तर घरच्या दगडावर परत लावता येते. पण पहिल्या आठवड्यातच तांबूस ठिपके उठतात आणि प्रश्न पडतो, याला असं काय लावावं की जे पोटात गेलं तरी चालेल? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मीठ आणि आंबट रस त्याला घाई करतात. गंज सच्छिद्र असल्यामुळे तो खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो आणि आत शिरत जातो. म्हणून उपाय एकच, मध्ये थर हवा. तो कशाचा, एवढाच काय तो वाद.

आपल्या भागात लोखंड आलं त्याला अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नैकुंड आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या मिळाल्या, लोखंडाचा मळ मिळाला. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांतूनही, म्हणजे दगडांची कडी रचलेल्या प्राचीन दफनांतूनही, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या निघाल्या आहेत. गंजून फुगलेल्या, पण आकार ओळखू येतो. ज्यांच्या हातात ती हत्यारं होती, त्यांनाही पावसाळा होताच.

थर धातूच्या आतूनच यावा, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण दिल्लीचा लोहस्तंभ. तो दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नावे सांगितला जातो. त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची राणी होती आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, राज्यकारभार पाहत होती. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे. त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार झाला आणि आतलं लोखंड वाचलं, असं आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. चाकूला मात्र ही युक्ती उपयोगाची नाही, कारण फॉस्फरस वाढला की पोलाद ठिसूळ होतं.

घरांमध्ये थर बाहेरून लावला गेला, आणि तो चुलीपाशीच मिळाला. लाकडाच्या राखेत क्षार असतात. राखेनं घासलेलं पातं स्वच्छ तर होतंच, शिवाय त्या क्षारी ओलीत लोखंड सहजासहजी गंजत नाही. चिंचेनं गंज निघतो, पण खालचं लोखंड उघडं पडतं आणि तासाभरात परत लालसर व्हायला लागतं. म्हणून चिंच लावली की मागोमाग धुणं, पुसणं आणि तेल आलंच. कच्ची केळी, केळफूल, आवळा यांतलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लोखंडाशी मिळून काळं संयुग बनवतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचं एक संयुग) यांची काळी शाई होते ती याच क्रियेनं. आईच्या पावशीचा काळा रंग म्हणजे वर्षानुवर्षं बसलेला हाच थर. तो गंज नाही, घाणही नाही. तारेच्या घासणीनं तो खरवडून पातं 'चकचकीत' करणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. त्याच्या भरवशावर चाकू ओला ठेवता येत नाही, पण गंजाचा वेग तो नक्की कमी करतो.

पुढे पोलाद कारखान्यातून यायला लागलं. त्या कहाणीतही नागपूर आहे. १८६३ साली सुरू झालेल्या इथल्या संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, दोराबजी टाटा वेळ काढायला म्हणून शिरले आणि तिथल्या भूगर्भ नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा दिसल्या, अशी हकिकत टाटांच्या इतिहासात नोंदलेली आहे. शेवटी खनिज मयूरभंजहून आलं, कारखाना जमशेदपूरला झाला आणि १९१२ मध्ये पोलाद निघालं.

लगेच पुढच्या वर्षी, १९१३ मध्ये, शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. त्यांना खरं तर बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत, एवढंच हवं होतं. पण ते पोलाद व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही दाद देत नाही, हे लक्षात आलं आणि सुऱ्यांचं जग बदललं. क्रोमियम मिसळलेलं लोखंड आम्लाला टिकतं, हे फ्रान्सच्या पिएर बेर्तिए यांनी १८२१ मध्येच नोंदवलं होतं. फक्त तसं कामाला येण्याजोगं पोलाद बनवायला शतक जवळजवळ सरलं. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर डोळ्यांना दिसत नाही आणि ओरखडा पडला तर आपोआप भरून येतो. शेफील्डचे कारागीर मात्र सुरुवातीला ब्रिअर्ली यांना 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक' म्हणायचे. धारेच्या बाबतीत त्यांची तक्रार त्या काळी खोटी नव्हती.

आपल्याकडे बोहारणीच्या पाटीतून स्टील घरोघर पोचलं. सोय झाली, यात शंका नाही. पण पातं पुसायची सवय गेली, आणि तेलाचा थेंब कशासाठी, हे सांगणारंही कुणी उरलं नाही. म्हणून आज नवा चाकू घेतलेला माणूस थेट हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मशीनचं तेल मागतो. ते खाण्याच्या वस्तूला लावायचं नाही. डब्ल्यूडी-४० हा फवारा तर १९५३ मध्ये क्षेपणास्त्रांच्या कामासाठी तयार झाला. स्वयंपाकघरात त्याचं काही काम नाही.

त्याच खनिज तेलाच्या कुळात खाण्याला चालणारे पदार्थही आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणाऱ्या मेणचट गाळापासून रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलिन बनवलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. अशीच शुद्ध केलेली पातळ जात म्हणजे लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळतं, बाटलीवर 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाची खूण) ही अक्षरं बघून घ्यावीत. ते खवट होत नाही, चिकट होत नाही, त्याला वासही नाही. दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की झालं. माझ्या मते महिनोन्‌महिने ठेवून द्यायच्या चाकूला याहून चांगलं काही नाही. पाव वाटी पॅराफिनमध्ये चमचाभर शुद्ध मधमाश्यांचं मेण गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून घातलं, तर थर आणखी टिकतो.

रोजच्या चाकूला खोबरेल उत्तम, कारण ते लवकर खवट होत नाही. फक्त २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात नागपूरला बोटावर चोळून लावावं लागतं. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं तेल हाताशी असतं, पण हळूहळू चिकट होऊन धूळ धरतं.

जवसाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते विदर्भाचं पीक आहे आणि लाकडी घाण्याची दुकानं परत उघडल्यापासून ताजं तेल सहज मिळतं. त्यातल्या लिनोलेनिक आम्लामुळे ते हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं, जुन्या चित्रकारांचे रंग असेच वाळत. लाकडी मुठीला ते फार छान. पात्यावर मात्र अगदी नखाएवढंच घ्यावं आणि जवळपास सगळं पुसून काढावं, नाही तर पिवळट डाग बसतात. रंगाच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवस तेल चुकूनही आणू नये, त्यात लवकर सुकण्यासाठी कोबाल्ट, मँगनीजची संयुगं घातलेली असतात. आणि जवस तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत.

राहिली नागपूरची हवा. लोखंड गंजायला हवेत ठरावीक दमटपणा लागतो, साधारण ६० टक्क्यांच्या खाली गंज फार हळू धरतो. इंग्लंडच्या डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यावर मोठं काम केलं. या हिशेबानं आपला कोरडा मे महिना चाकूला सुरक्षित वाटतो. मलाही वाटला होता. एका रात्री संत्री कापून मी चाकू ओट्यावर तसाच ठेवला, पुसलाही नाही. समोर कूलर सुरू होता. बाहेर दिवसभराच्या ४५ अंशांनंतरची कोरडी झळ, पण घरात वाळ्याच्या जाळीतून येणारी ओली हवा आणि पात्यावर आंबट रस. सकाळी धारेलगत संत्र्याच्या सालीच्याच रंगाचे ठिपके होते. ओल्या कापडावर राख घेऊन, पात्याच्या लांबीला धरून घासले. वरचे निघाले, दोन मात्र खोल गेले होते. त्यांच्या खुणा अजून बोटाला लागतात.

आता कूलर बसला की चाकूची जागा बदलते. ओट्यावरून उठून तो आतल्या खोलीतल्या कपाटात जातो, चामड्याच्या म्यानात नव्हे, कोरड्या सुती कापडात, कारण चामडं ओल धरतं. मृग लागला की पॅराफिनचा हात महिन्याऐवजी आठवड्याला फिरतो. आणि आईची पावशी अजून ओट्याखालीच असते, काळीच.