पन्नास हर्ट्झचा ठोका

१९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर बेकर हा निर्माता एका रेकॉर्डच्या तयारीला लागला होता. त्याला रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन हवं होतं, पण ते त्याच्याकडे नव्हतं. पेपरातल्या एका छोट्या जाहिरातीतून मशीनवाला माणूस मिळाला. त्यानं मशीन घेऊन यायचं, सांगितलेला ताल त्यात भरायचा आणि २० डॉलर घेऊन जायचं. आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांचं ‘प्लॅनेट रॉक’ हे गाणं घडलं ते असं. क्राफ्टवर्क या जर्मन गटाची सुरावट आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं रॅप एकत्र आलं. त्यातून हिप-हॉपची जी शाखा फुटली, तिला इलेक्ट्रो म्हणतात.

चाळीस वर्षं उलटली, तरी ते गाणं लागलं की मान आपोआप डोलायला लागते. नुसत्या आठवणींमुळे असं होत असेल, हे मला पटत नाही. ती रेकॉर्ड निघाली तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलं आज त्यावर नाचतात. उत्तराचा मोठा भाग मला त्या मशीनच्या पोटात दिसतो.

इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंड या जपानी कंपनीनं ८०८ बाजारात आणलं १९८० मध्ये. खऱ्या ड्रमचा आवाज साठवून वाजवणारं मशीन तेव्हा नुकतंच आलं होतं, पण त्याची किंमत ५,००० डॉलरच्या घरात होती. ८०८ सुमारे १,२०० डॉलरला मिळायचं. त्यात साठवलेला आवाज एकही नव्हता, प्रत्येक ठोका सर्किटमध्ये जागच्या जागी तयार व्हायचा. खऱ्या ड्रमची सवय असलेल्या कानांना तो खोटा वाटला. १९८३ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर जेमतेम १२,००० मशीनं बनली होती. जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागली.

त्यातला बास ड्रम जरा जवळून पाहू. झोक्याला एकदाच ढकलून सोडून द्यावं, तसं हे सर्किट. विजेचा मिलिसेकंदभराचा एक धक्का बसतो आणि ते सेकंदाला सुमारे ५० वेळा, म्हणजे ५० हर्ट्झनं, झुलत झुलत शांत होतं. अगदी सुरुवातीला, काही मिलिसेकंदच, कंपनं जास्त वेगानं होतात. म्हणून आधी ‘टक्’ असा टणक आवाज येतो, मग स्वर खाली उतरून घुमत राहतो. किती वेळ घुमायचं, ते एक बटण फिरवून ठरवता येतं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घुमक ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही.

डग्ग्याची आठवण उगाच काढली नाही. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की मूळ कंपनासोबत जे वरचे स्वर उमटतात, ते मूळ कंपनाच्या नेमक्या पटीत नसतात. त्यामुळे बहुतेक ड्रमना ठाम असा स्वर नसतो. आपल्या तबला-मृदंगावरची शाई हे वरचे स्वर पटीत आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. ८०८ च्या बास ड्रममध्ये वरचे स्वर जवळजवळ नसतातच. उरतो तो शुद्ध खर्ज. म्हणून तो ताल धरतो आणि बास गिटारची जागाही भरून काढतो.

८०८ मधला गाईच्या घंटेचा आवाज तर त्याहून गमतीचा. सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन कंपनांतून तो तयार होतो. गुणोत्तर काढलं तर षड्ज-पंचमाच्या अगदी जवळ जातं, पण पंचम किंचित उतरलेला. ते किंचित बेसूरपण कान एकदा पकडतो आणि मग विसरत नाही.

आता ऐकणाऱ्याच्या बाजूनं पाहू. २०१४ मध्ये मारिया विटेक आणि सहकारी संशोधकांनी लोकांना वेगवेगळे ड्रमचे ताल ऐकवले. अगदी सरळ तालानं लोकांना फारसं हलावंसं वाटलं नाही, फार गुंतागुंतीच्या तालानंही नाही. सर्वाधिक आनंद मधल्या तालांनी दिला, जिथे ठोका अपेक्षित जागेवरून अधूनमधून निसटतो, पण मूळ लय हरवत नाही. इलेक्ट्रो नेमका इथेच बसतो. ८०८ वर सोळा बटणांची रांग असते. लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी, अशी चार-चार. त्रितालाचे चार विभाग मांडून ठेवावेत तशी! एखादं बटण अलीकडे-पलीकडे दाबलं की बास ड्रम मात्रेला हुलकावणी देतो आणि ती रिकामी जागा आपलं शरीर भरून काढतं.

खर्जाचा वाटा वेगळाच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत संशोधकांनी ८ ते ३७ हर्ट्झचे अतिखर्ज स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू असताना प्रेक्षक सुमारे १२ टक्के जास्त हलले. हे स्पीकर कधी चालू होते, हे मात्र लोकांना ओळखता आलं नाही. त्वचेतून आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवातून हे कंपन आत पोचत असावं, असं संशोधकांचं म्हणणं. ८०८ चा ठोका त्या पट्ट्याच्या थोडा वर आहे. तरीही नुसता ऐकण्यापेक्षा तो अंगावर घ्यावा, असंच मला वाटतं.

हेच मशीन मुंबईतही पोचलं होतं. चरणजित सिंग या हिंदी सिनेमातल्या वादकानं १९८२ मध्येच ८०८ च्या तालावर सिंथेसायझरनं राग वाजवून एक आख्खी रेकॉर्ड केली. ती तेव्हा चालली नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी जगभरातले लोक ती शोधू लागले.

खऱ्याची हुबेहूब नक्कल करणारी मशीनं लवकर जुनी होतात, कारण पुढचं मशीन आणखी हुबेहूब असतं. ८०८ चा आवाज कुणाचीच नीट नक्कल करत नव्हता, त्यामुळे त्याला मागे टाकायला समोर कुणी नव्हतंच.

एकदा ‘प्लॅनेट रॉक’ आधी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून पाहा. तेवढासा स्पीकर ५० हर्ट्झला पुरत नाही, बास ड्रमचं नुसतं ‘टक्’ उरतं. मग तेच मोठ्या स्पीकरवर लावा आणि जाळीवर तळहात ठेवा. कानाला ठोका संपला असं वाटतं, तेव्हाही हाताखाली तो थोडा वेळ झुलत असतो.