सँटोरिनी: नांगर न लागणारं बंदर

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाच्या पश्चिमेला मोठी जहाजं येतात, पण बहुतेक नांगर टाकत नाहीत. दोष बंदराच्या जन्माचा. इ.स.पू. १६०० च्या सुमारास इथल्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. शिलारसाची कोठी रिकामी झाली, वरचं छत खचलं आणि समुद्र आत शिरला. या खड्ड्याला काल्डेरा म्हणतात. तो सुमारे ११ किलोमीटर लांब आणि ७ रुंद आहे. कडे ३०० मीटरपर्यंत उंच, तर सर्वांत खोल तळ जवळपास ३९० मीटरवर.

नांगर केवळ स्वतःच्या वजनावर जहाज धरत नाही. साखळीचा बराच भाग तळावर आडवा पडावा लागतो, तरच ओढ आडवी बसते आणि नांगर रुततो. त्यासाठी मोठ्या जहाजाला खोलीच्या किमान तिप्पट साखळी सोडावी लागते. ३०० मीटर पाण्यात ९०० मीटर. जहाजावर असते साधारण ३०० ते ४००. काठाशी पाणी उथळ आहे खरं, पण तळ इतका उतरता की नांगर घसरतो. म्हणून पर्यटक जहाजं इंजिनाच्या जोरावर जागा राखतात आणि प्रवासी लाँचने कड्यावरच्या फिरा या मुख्य गावाच्या जुन्या धक्क्यावर उतरतात. तिथून वर जायला पाचशेंहून जास्त पायऱ्या, खेचरं किंवा केबल कार. फेरी बोटी अथिनियोस या दुसऱ्या बंदराला लागतात. तिथे कड्यातून नागमोडी रस्ता वर जातो.

काठ धोक्याचा आहे तो असा: ५ एप्रिल २००७ रोजी 'सी डायमंड' हे जहाज काठाजवळच्या खडकावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. दोन प्रवासी बेपत्ता झाले. सांगाडा आजही पाण्याखालच्या उतारावर आहे.

याच उद्रेकाच्या राखेने बेटाला धंदाही दिला. राखेतली काचेसारखी सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं. १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ही राख नेली. खाणकामात शेजारच्या थेरासिया बेटावर राखेखाली गाडलेली घरं सापडली. पुढे १९६७ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी सँटोरिनीवरच्या अक्रोतिरीत उत्खनन सुरू केलं. तिथे दोन-तीन मजली घरं आणि जहाजांच्या ताफ्याचं भित्तिचित्र मिळालं. मानवी सांगाडे मात्र नाहीत. आधीच्या भूकंपांनी लोक सावध होऊन निघून गेले असावेत.

राखेने भिंती टिकवल्या, पण उघड्या पडल्यावर पाऊस दगडांमधली माती धुऊन नेतो. म्हणून उत्खननावर छत लागतं. २००५ मध्ये नव्या छताचा भाग कोसळून एक पर्यटक दगावला. त्यानंतर २०१२ पर्यंत हे स्थळ बंद होतं.