लघुग्रहांवरची पाळत आणि ७२ तासांचा वाद

२०२५ च्या फेब्रुवारीत काही दिवस मुंबईचे नाव एका विचित्र यादीत झळकत होते. '२०२४ वायआर ४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळलाच, तर कुठे आदळेल याचा एक अरुंद पट्टा गणितातून निघाला होता. तो पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियात शिरत होता. १८ फेब्रुवारीला आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली आणि आठवडाभरात जवळजवळ शून्यावर आली. 'आधी घाबरवायचे, मग काही नाही म्हणायचे' ही त्यावरची प्रतिक्रिया. ती नवी नाही. या क्षेत्रात तिला पंचवीस वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि आजचे बहुतेक नियम तिच्यातूनच तयार झाले आहेत.

लघुग्रह म्हणजे काय, उल्का आणि अशनी यांत फरक कोणता, डायनासोरांचे काय झाले, हे इथे पुन्हा सांगत नाही. लोणारही वाचकांना माहीत आहेच. फक्त एवढे लक्षात ठेवावे, की ते विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे हे तिथल्या खडकांच्या तपासणीतून पक्के झाले ते १९७० च्या दशकात. म्हणजे आकाशातून मोठे काही पडू शकते ही गोष्ट विज्ञानाने गांभीर्याने घेतली, त्याला दोन पिढ्याच झाल्या आहेत.

पहिला लघुग्रह, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मोहून दिसला आणि काही आठवड्यांत सूर्याच्या उजेडात हरवला. २४ वर्षांच्या एका जर्मन गणितज्ञाने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा मांडली आणि वर्षअखेर तो सांगितल्या जागेच्या आसपास सापडला. शोधणे, हरवणे आणि गणिताने पुन्हा गाठणे हा क्रम तेव्हापासून चालू आहे. आपल्याकडची नोंद १८६१ ची. त्या वर्षी मद्रासच्या वेधशाळेतून एक लघुग्रह सापडला आणि त्याला 'एशिया' हे नाव मिळाले. पण हे सगळे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानचे, दूरचे रहिवासी. पृथ्वीच्या अंगणात येणारा पहिला म्हणजे १८९८ चा इरॉस. त्याचा उपयोग मात्र सूर्याचे अंतर नेमके मोजण्यासाठी झाला. भीती कुणाच्या मनातही नव्हती. १९३७ मध्ये हर्मीस चंद्राच्या साधारण दुप्पट अंतरावरून निघून गेला. त्याचे वेध जेमतेम काही दिवसांचे, त्यामुळे तो हरवला आणि पुन्हा सापडला तो थेट २००३ मध्ये. मधली ६६ वर्षे तो नियमित आपल्या आसपास येत-जात होता.

पाळत म्हणावी असे काम १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत सुरू झाले. आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची, ती जोडीने भिंगाखाली धरायची आणि जागा बदललेला ठिपका डोळ्यांनी हुडकायचा. १९८० च्या दशकात ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेत फिल्मच्या जागी सीसीडी (प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चकती) आली आणि ठिपका शोधण्याचे काम संगणकाकडे गेले. १९८९ च्या मार्चमध्ये काहीशे मीटरचा एक लघुग्रह सुमारे सात लाख किलोमीटरवरून गेला, आणि तो गेल्यावर आठवड्याहून अधिक दिवसांनी दिसला. मग अमेरिकी संसद जागी झाली. जुलै १९९४ मध्ये एका धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळताना जगाने पाहिले. १९९८ मध्ये लक्ष्य ठरले: एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळ येणारे ९० टक्के लघुग्रह दहा वर्षांत शोधायचे.

इथे दोन व्याख्या लागतात. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. सूर्यापासून १.३ एककांच्या आत येणारा तो 'पृथ्वीनिकट'. त्यातही ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ०.०५ एकक, म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर येते आणि जो अंदाजे १४० मीटरहून मोठा आहे, तो 'संभाव्य धोकादायक'. हा शब्द मराठी बातमीत पोचेपर्यंत त्यातले 'संभाव्य' गळून पडते. शिवाय १४० मीटर हा आकडा मोजलेला नसतोच, तो तेजावरून काढलेला असतो. तेवढ्याच तेजाचा पण काळपट पृष्ठभागाचा दगड २४० मीटरच्या आसपास निघू शकतो, आणि चकचकीत निघाला तर शंभर मीटरही भरत नाही.

आता मुख्य वादाकडे येऊ.

'१९९७ एक्सएफ ११' हा लघुग्रह ६ डिसेंबर १९९७ रोजी किट पीकहून सापडला. आकार किलोमीटरहून मोठा. जगभरातले वेध जिथे जमा होतात ते नोंदणी केंद्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. ११ मार्च १९९८ ला तिथून एक परिपत्रक निघाले. ८८ दिवसांच्या वेधांवरून केलेल्या गणितानुसार हा लघुग्रह २६ ऑक्टोबर २०२८ रोजी पृथ्वीपासून अवघ्या ४६ हजार किलोमीटरवरून जाईल, आणि चंद्राच्या अंतराच्या आतून तो जाणार हे तर जवळपास नक्कीच, असे त्यात होते. सोबत पत्रकारांसाठी वेगळे टिपण होते. टक्कर होण्याची शक्यता कमी आहे, पण ती पूर्ण नाकारता येत नाही, अशा आशयाचे. दुसऱ्या दिवशी जगभर पहिल्या पानावर बातमी.

त्याच दिवशी पालोमारच्या १९९० च्या फिल्मवर हा लघुग्रह आधीच टिपला गेलेला सापडला. आठ वर्षांपूर्वीची जागा हाती आल्यावर अंतर सुमारे साडेनऊ लाख किलोमीटर निघाले. चोवीस तासांत जगबुडी रद्द!

बहुतेक वृत्तान्त इथेच थांबतात: केंद्राने इशारा दिला, जुन्या फिल्मने तो खोटा ठरवला. खरी भानगड याच्या आत आहे. परिपत्रक निघाले त्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका गटाने नेमके तेच ८८ दिवसांचे वेध घेऊन गणित केले होते, आणि २०२८ ची टक्कर अशक्य असल्याचे त्यांना फिल्म सापडण्याआधीच दिसले होते. लघुग्रहाची जागा नेमकी माहीत नसते, तेव्हा तो कुठे कुठे असू शकतो याचा एक प्रदेश निघतो. हा प्रदेश गोल चेंडूसारखा नसतो, कक्षेच्या दिशेने ताणलेला, सुईसारखा लांब आणि बारीक असतो. केंद्राने सुईची लांबी पाहिली. ती लांबी लाखो किलोमीटरची, त्यामुळे अंतर काहीही असू शकेल असे वाटले. पण ती सुई पृथ्वीला भिडतच नव्हती, बाजूने जात होती. म्हणजे उणीव माहितीची नव्हती, गणित अर्धवट होते.

केंद्राच्या प्रमुखांचा बचावही अगदीच पोकळ नव्हता. परिपत्रकाचा हेतू मुळात आणखी वेध आणि जुनी छायाचित्रे मिळवण्याचा होता, आणि ती मिळाली ती या आवाहनामुळेच. पुढे त्यांनी असेही दाखवून दिले, की २०२८ सोडा, पण त्यानंतरच्या काही वर्षांतली टक्कर त्या ८८ दिवसांच्या वेधांवरून नाकारता येत नव्हती. ती जुन्या फिल्ममुळेच नाकारता आली. हे खरे आहे. पण ११ मार्चला त्यांनी जे सांगितले, ते हे नव्हते.

याची प्रतिक्रिया उलट टोकाची आली. पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी अंतराळ संस्थेने आपल्या मदतीवर चालणाऱ्या गटांसाठी नियम सुचवला: धोकादायक काही दिसले तर ४८ तास आपसात तपासा, मग आम्हाला कळवा, आणखी २४ तास थांबा, नंतरच जाहीर करा. हाच तो ७२ तासांचा नियम. त्याला 'जबाबदारी' म्हणणारे होते आणि 'लपवाछपवी' म्हणणारेही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्यांकडे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: हे वेध जगभर विखुरलेले लोक घेतात, त्यांत हौशी निरीक्षकही असतात. दार लावून घेतले तर ज्याच्या कपाटात आकाशाच्या छायाचित्राची जुनी प्लेट पडून आहे त्याला ती शोधायला सांगणार कोण?

शांत राहण्याचाही प्रयोग वर्षभरात होऊन गेला. जानेवारी १९९९ मध्ये '१९९९ एएन १०' सापडला. इटलीतल्या गणितज्ञांच्या पुढाकाराने एका गटाने त्याचे पुढचे सगळे फेरे तपासले आणि २०३९ मध्ये टक्करीची अब्जात एक अशी शक्यता काढली. गाजावाजा नको म्हणून त्यांनी तो लेख तज्ज्ञांकडे पाठवला आणि आपल्या संकेतस्थळावर गुपचूप ठेवला. एप्रिलमध्ये तो कुणाच्या तरी नजरेस पडला आणि 'शास्त्रज्ञ दडवतात' असा ओरडा झाला. आदल्या वर्षी बोलले म्हणून मार, या वर्षी बोलले नाहीत म्हणून मार. काही महिन्यांत जर्मनीतल्या दोन हौशी खगोलप्रेमींना १९५५ च्या पालोमार प्लेटवर हा लघुग्रह सापडला आणि धोका संपला. पुन्हा जुनी प्लेटच, ४४ वर्षांपूर्वीची.

तडजोड म्हणून १९९९ मध्ये दोन गोष्टी आल्या. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ७२ तासांत तज्ज्ञांकडून तपासून देण्याची ऐच्छिक सोय केली. आणि ट्युरिनमधल्या परिषदेत ० ते १० अशी धोक्याची पट्टी स्वीकारली गेली, तीच टोरिनो पट्टी. तिची शब्दरचना २००५ मध्ये बदलावी लागली, कारण खालच्या पायऱ्यांवरचे शब्दच लोकांना घाबरवत होते. आज दोन स्वतंत्र केंद्रे, एक अमेरिकेत आणि एक युरोपात, आपापली गणिते करून धोक्याची यादी सर्वांसाठी खुली ठेवतात. ७२ तासांची दारबंदी व्यवहारात विरून गेली, हे बरेच झाले.

ही व्यवस्था कसाला लागली ती २००४ मध्ये. वर्षाच्या सुरुवातीला, १३ जानेवारीला, एका नव्या लघुग्रहाचे तासाभराचे वेध अशी कक्षा दाखवत होते की तो दोन दिवसांच्या आत आदळावा. तज्ज्ञ वरपर्यंत फोन करावा का, या विचारात असताना एका हौशी निरीक्षकाने साधी युक्ती केली. तो आदळणार असेल तर आत्ता आकाशात जिथे दिसायला हवा, तिथे दुर्बीण लावली. तिथे काहीच नव्हते. प्रत्यक्षात तो चंद्राच्या अंतराच्या तीसपटीहून अधिक लांब निघाला. डिसेंबरमध्ये अपोफिस या लघुग्रहाची पाळी आली. २७ डिसेंबरला २०२९ च्या टक्करीची शक्यता २.७ टक्के झाली आणि टोरिनो पट्टीवर ४ हा आकडा लागला. त्यापुढे आजवर कुणी गेलेले नाही. पण आदल्याच दिवशी त्सुनामी आली होती. जगाचे लक्ष, आणि आपलेही, तमिळनाडू आणि अंदमानच्या किनाऱ्यांवर होते. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या प्रतिमांत अपोफिस सापडला आणि २०२९ चा धोका मिटला. २०२१ मधल्या रडार वेधांनंतर पुढची शंभर वर्षेही निश्चिंत झाली.

किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांचे लक्ष्य साधले गेले. १४० मीटरहून मोठ्यांचे नाही. २००५ च्या अमेरिकी कायद्याने २०२० पर्यंत त्यांतले ९० टक्के शोधायला सांगितले होते. अशा अंदाजे २५ हजारांपैकी निम्मेही अजून हाती नाहीत. सूर्याच्या बाजूने येणारे तर जमिनीवरून दिसतच नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर जो सुमारे २० मीटरचा दगड फुटला, तो त्याच बाजूने आला होता. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. उलट ऑक्टोबर २००८ मध्ये ॲरिझोनाहून दिसलेला चार मीटरचा '२००८ टीसी ३' कुठे पडणार हे आधी कळले होते. वीसेक तासांनी तो सुदानच्या वाळवंटावर फुटला आणि विद्यार्थ्यांनी वाळूतून त्याचे तुकडे वेचले. सप्टेंबर २०२२ मध्ये तर यान आदळवून डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाचा, त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीचा फेरा अर्ध्या तासाहून अधिकने कमी करून दाखवला गेला.

राहिला वायआर ४ चा चढता आकडा. वाड्यात दहा खोल्या आहेत आणि किल्ली कुठल्या तरी एका खोलीत पडली आहे असे समजा. माजघरात असण्याची शक्यता दहात एक. पाच खोल्या धुंडाळून झाल्या, किल्ली नाही. आता माजघराची शक्यता पाचात एक. किल्ली हललेली नाही, आपले अज्ञान कमी झाले आहे. मग कुणीतरी माजघरातच दिवा नेतो आणि तिथे ती नसते. १ टक्क्यावरून ३.१ आणि मग शून्याकडे, हा प्रवास असाच झाला. अपोफिसचाही असाच झाला होता. या वेळी मात्र आकडे रोजच्या रोज सर्वांसमोर होते, कुणी परिपत्रक मागे घेतले नाही. त्यामुळे मुंबईचे नाव छापून आले हे खरे, पण ते पुसले कसे गेले, तेही पाहता आले.

योगायोग असा, की वादातले तिघे जुने आरोपी आता लागोपाठ येत आहेत. एएन १० येईल ७ ऑगस्ट २०२७ ला, जवळजवळ चंद्राच्याच अंतरावरून. एक्सएफ ११ येईल २६ ऑक्टोबर २०२८ ला, त्याच्या अडीचपट लांबून. छोट्या दुर्बिणीत दिसावा इतका तेजस्वी. आणि १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस, जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून.