'डी'चं कुलूप : जुन्या सवयीमागचा इतिहास

बेळगावचा खडेबाजार असो की निपाणी, लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर एक वाक्य अजून रोज कानावर पडतं : "सी फॉरमॅट मारा, डी ला हात लावू नका बगा." सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन कप्पे. विंडोज एक्सपीच्या काळात ते वाक्य पूर्ण खरं होतं. विंडोज 'सी'मध्ये, शेताचे उतारे, लग्नाचे फोटो, श्रीलिपी आणि नुडी या मराठी-कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरांत टाइप केलेल्या फायली 'डी'मध्ये. विंडोज बिघडलं की सीडी घालून 'सी' पुसायचा. 'डी' जसाच्या तसा. आज याच वाक्याच्या भरवशावर लोकांची वर्षांची पुंजी जाते आहे.

त्या काळी विंडोजचा पासवर्ड म्हणजे नुसती दाराची कडी. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की आतलं सगळं वाचता यायचं. आम्ही असाच डेटा काढून द्यायचो, पण चोरालाही ते तितकंच सोपं होतं. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि डिस्क चोरीला गेली. तीत सुमारे २ कोटी ६५ लाख जणांची माहिती होती. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, भोवतालच्या गावागावांत निवृत्त फौजी. आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

यावरच्या कुलपाची, म्हणजे डिस्कवरचा डेटाच किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा करून ठेवण्याची, तयारी आधीच झाली होती. एईएस हे सांकेतिकीकरण २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाण ठरलं, लिनक्सच्या गाभ्यात डिस्कला कुलूप लावणारं डीएम-क्रिप्ट २००४ मध्ये आलं आणि जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर हे विंडोजचं स्वतःचं कुलूप बाजारात आलं, तेही फक्त वरच्या आवृत्त्यांत. इथल्या घरगुती गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताच नव्हता.

चित्र पालटलं ते २०१३ च्या विंडोज ८.१ पासून. हार्डवेअर योग्य असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, तर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ लागली. २०२१ मध्ये विंडोज ११ नं टीपीएम २.० ही किल्ल्या सांभाळणारी चिप सक्तीची केली. त्याच विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ या आवृत्तीत अटी आणखी सैल झाल्या, त्यामुळे नव्यानं विंडोज टाकलेल्या होम आवृत्तीच्या साध्या मशीनवरही हे घडू लागलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार संपला आणि नवं विंडोज टाकून घ्यायला लोक निघाले, जुनं वाक्य तोंडात घेऊनच.

खरी मेख किल्ल्यांत आहे. डेटा आपल्या पासवर्डनं बंद होत नाही. मशीन स्वतः एक किल्ली तयार करतं आणि ती किल्लीही बंदिस्त ठेवतं. 'सी'ची किल्ली टीपीएम चिप सोडवते. 'डी' आपोआप उघडतो, कारण त्याची किल्ली 'सी'वरच्या विंडोजमध्ये ठेवलेली असते. 'सी' पुसला की ती किल्लीही पुसली गेली. उरतो तो एकच मार्ग, ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीसाठीची जादा किल्ली.

एक निवृत्त सुभेदार काका मशीन घेऊन आले, तेव्हा फॉरमॅट दुसरीकडे होऊन गेलं होतं. 'डी'वर पिवळं कुलूप. काकांनी डायरी उघडली. वायफायचा पासवर्ड होता, पिन होता, पेन्शनचा नंबर होता. ४८ आकडे नव्हते. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं स्वतःच एक ईमेल बनवून खातं उघडलं होतं. की गेली ती त्या खात्यात, आणि तो ईमेल कुणालाच आठवेना. "डी ला तर कोण हात लावलंच नाही की वो," काका परत परत म्हणत होते. ते खरंच होतं.

तेव्हापासून मी नवं विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह लावायच्या आधी, जुनं विंडोज चालू असतानाच रिकव्हरी की काढतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ नं निःशेष भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला तर मशीन तिथंच अडवतं. मी मोठ्यानं वाचतो, गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं लिहितं, मग ते वाचतं आणि मी पडद्याशी ताडून बघतो. कागद घरी उताऱ्यांच्या फायलीत ठेवायला सांगतो. लॅपटॉपच्या बॅगेत नाही.