कवकभित्तीतील कार्बोहायड्रेटे

कवकांच्या (बुरशींच्या) कोशिकाभित्तीचा बहुतेक भाग कायटिन, ग्लुकाने (ग्लुकोजाच्या साखळ्या) व मॅनाने (मॅनोज शर्करेच्या साखळ्या) या बहुशर्करांचा (अनेक शर्करा-घटकांच्या साखळ्यांचा) असतो. मॅनाने बहुधा प्रथिनांना जोडलेली व बाहेरच्या थरात असतात.

कायटिन म्हणजे एन-ॲसिटिल ग्लुकोज-अमाइन या नायट्रोजनयुक्त शर्करेच्या घटकांची बीटा-१,४ बंधांनी जोडलेली सरळ साखळी. सेल्युलोजाहून फरक एवढाच, की दुसऱ्या कार्बन अणूवर हायड्रॉक्सिलाऐवजी ॲसिटामिडो गट असतो. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. त्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही. ब्राकॉनो यांनी १८११ मध्ये ते अळंब्यांतून वेगळे केले. सध्याचे नाव ओदिए यांनी १८२३ मध्ये कीटकांच्या कवचावरील कामातून दिले.

भित्तीचा गाभा कशाचा, याविषयी मतभेद आहेत. भित्तीवर गरम अल्कलीची प्रक्रिया केल्यास न विरघळणाऱ्या भागात कायटिन व बीटा-१,३ ग्लुकान (बीटा-१,६ फाट्यांसह) सहसंयुजी बंधांनी जोडलेले आढळतात. म्हणून तोच गाभा मानला गेला. परंतु आल्फा-१,३ ग्लुकान याच अल्कलीत विरघळून जाते. ॲस्परजिलस फ्युमिगेटसच्या अखंड भित्तीच्या घन-अवस्था एनएमआर (नमुना न विरघळवता चुंबकीय क्षेत्रात रेणूंची मांडणी पाहण्याची पद्धत) अभ्यासात मात्र ते कायटिनाला अगदी लगटून असलेले दिसले. भित्ती न विस्कटता मिळालेला हा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. तथापि तो सर्व कवकांना लावता येत नाही, कारण पावाच्या यीस्टच्या भित्तीत आल्फा-१,३ ग्लुकान नसतेच.

मोजणीतही अडचण येते. तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लाने जलीय विच्छेदन करताना ॲसिटिल गट निघून जातात व केवळ ग्लुकोज-अमाइन हाती लागते. त्यामुळे म्यूकरसारख्या कवकांतील कायटोसान (बहुतेक ॲसिटिल गट नसलेले कायटिन) कायटिनातच मोजले जाते.

सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षबागांत या संरचनेला व्यावहारिक महत्त्व आहे. भुरी रोगाचा कारक (एरिसायफी निकेटर) हे खरे कवक आहे. केवडा या दुसऱ्या रोगाचा कारक (प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला) पूर्वी कवकांत गणला जाई; तो ऊमायसिटीज या कवकांसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातील असून त्याच्या भित्तीत सेल्युलोज व बीटा ग्लुकाने असतात. डायमेथोमॉर्फ व मँडीप्रोपॅमिड ही रोगनाशके सेल्युलोजाची घडण रोखतात, म्हणून केवड्यावर चालतात. भुरीवर ती फवारणी वाया जाते. कॅल्कोफ्लोर हा रंजक कायटिन व सेल्युलोज दोन्हींना चिकटतो, तेव्हा केवळ त्यावरून निदान करू नये.

सांगोला भागातील डाळिंबावरच्या मर रोगाचे एक कारण सेरॅटोसिस्टिस फिंब्रिएटा हे कवक आहे. ट्रायकोडर्मा हे उपयुक्त कवक कायटिनेज व ग्लुकानेज ही (कायटिन व ग्लुकान तोडणारी) एंझाइमे स्रवून अशा भित्ती पोखरते. डाळिंबावरचा तेल्या रोग मात्र झँथोमोनास या सूक्ष्मजंतूमुळे (बॅक्टेरियामुळे) होतो. त्याच्या भित्तीतील पेप्टिडोग्लायकन या पदार्थात एन-ॲसिटिल ग्लुकोज-अमाइन असले, तरी ते म्युरामिक अम्लाच्या घटकाशी आलटून-पालटून जोडलेले असते, त्यामुळे कायटिनेजाला तोडण्याजोगी साखळी तेथे मिळत नाही.