रोगजोखमीचे भाकीत

एखाद्या माणसाला येत्या काही वर्षांत ठरावीक आजार होण्याची शक्यता किती, हे त्याच्या आजच्या आरोग्यनोंदींवरून आकड्यात सांगणे म्हणजे रोगजोखमीचे भाकीत. वय, रक्तदाब, कंबरेचा घेर, रक्तातली साखर, घरातल्यांचे आजार, जुने केसपेपर आणि प्रयोगशाळेचे रिपोर्ट ही त्याची सामग्री. पूर्वी संख्याशास्त्रज्ञ समीकरणे मांडून हे काम करत. आता त्यात यंत्रशिक्षणाच्या, म्हणजे मशीन लर्निंगच्या पद्धती आल्या आहेत.

निदान आणि भाकीत यांची गल्लत होऊ देऊ नये. एक्स-रेमधली क्षयाची छाया ओळखणारा संगणक आज शरीरात काय आहे ते सांगतो. जोखमीचे मॉडेल अजून न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलते, आणि तेही शक्यतेच्या भाषेत. ‘दहा वर्षांत हृदयविकाराची जोखीम २० टक्के’ याचा अर्थ, अशाच शंभर माणसांपैकी साधारण वीसजणांना तेवढ्या काळात तो विकार होईल. ते वीसजण कोण, हे मॉडेलला ठाऊक नसते. मॉडेल ज्या लोकांच्या नोंदींवर घडले, त्यांच्यासारख्याच लोकांबद्दल ते भरवशाने बोलू शकते. या विषयातले बहुतेक यश आणि जवळपास सगळे अपयश या एका मर्यादेपाशी येऊन थांबते.

फ्रेमिंगहॅमपासून पुढे

या शास्त्राची पायाभरणी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात झाली. १९४८ मध्ये तिथल्या ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद झाली आणि ठरावीक अंतराने त्यांची तपासणी होत राहिली. कुणाला हृदयविकार होतो, कुणाला नाही, हे वर्षानुवर्षे टिपले गेले. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो पक्का व्हायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. अनेक घटक एकत्र धरून एकच जोखीम काढण्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन ही पद्धत याच अभ्यासातून वैद्यकात रुळली. प्रत्येक घटकाला एक वजन मिळते, वजनांची बेरीज होते आणि बेरजेचे रूपांतर शक्यतेत होते.

फ्रेमिंगहॅमची वस्ती मुख्यतः गोरी होती. तिथला तक्ता ब्रिटिश पुरुषांना लावला तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा जास्त जोखीम सांगतो, असे २००३ मध्ये दिसून आले. ब्रिटनने मग आपल्याच फॅमिली डॉक्टरांकडच्या संगणकीय नोंदींवरून ‘क्यूरिस्क’ बांधले. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत वंश विचारला जातो आणि त्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगवेगळे गट आहेत. राहत्या भागाची आर्थिक स्थितीही धरली जाते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाची हृदयाची जोखीम तिथला डॉक्टर याच तक्त्यावरून काढतो.

मॉडेल शिकते कसे

तत्त्व सोपे आहे. हजारो लोकांच्या जुन्या नोंदी आणि त्यांचे पुढे काय झाले, हे दोन्ही संगणकाला द्यायचे. कोणत्या खुणा दिसल्या की कोणता शेवट होतो, हे तो स्वतः जुळवून पाहतो. लॉजिस्टिक रिग्रेशन सरळ बेरीज करते. निर्णयवृक्षांवर आधारलेल्या पद्धती ‘वय पन्नाशीपुढे आणि घेर जास्त असेल तर’ अशा जोडप्रश्नांच्या शेकडो साखळ्या तयार करतात. न्यूरल नेटवर्क, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या अनेक थरांची गणिती रचना, त्याहून गुंतागुंतीचे संबंध पकडू शकते. पद्धत जितकी गुंतागुंतीची तितके भाकीत अचूक, असा समज मात्र खरा नाही. २०१९ मध्ये अशा ७१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा यंत्रशिक्षणाने साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनवर मात केल्याचा पुरावा मिळाला नाही. वयाचा आणि कंबरेचा आकडा हाताशी असताना त्यावर किती थर चढवले, याने फारसा फरक पडत नाही. स्कॅनची चित्रे किंवा वीस वर्षांचा दवाखान्याचा इतिहास असेल तेव्हा गुंतागुंतीच्या पद्धतींची खरी गरज लागते.

मोठी गफलत वेळेच्या रेषेवर होते. मधुमेहाचे भाकीत करणाऱ्या मॉडेलला औषधांच्या यादीतले ‘मेटफॉर्मिन’ (मधुमेहावरची गोळी) दिसले, की ते झटकन मधुमेह सांगते. पण ती गोळी डॉक्टरने बहुतेकदा निदान झाल्यावरच दिलेली असते. असे मॉडेल कागदावर अफाट हुशार ठरते आणि दवाखान्यात कुचकामी. म्हणून भाकिताच्या दिवसानंतरची एकही नोंद मॉडेलच्या हाती लागू न देणे, हे काम करणाऱ्यांचे पहिले पथ्य.

७६८ स्त्रियांची नोंद

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘डायबेटिस प्रेडिक्शन’ हा प्रोजेक्ट नेहमीचा. त्यासाठी बहुतेकदा वापरला जातो तो पिमा विदासंच, म्हणजे नोंदींचा तयार संच. तो नेमका कुणाचा, हे वापरणाऱ्यांना माहीत असावे. अॅरिझोनातील फिनिक्स शहराजवळ गिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा, म्हणजे अकिमेल ओओधाम, या आदिवासी समाजात १९६५ पासून अमेरिकन सरकारच्या संस्थेने मधुमेहाचा दीर्घ अभ्यास केला. त्यातल्या २१ वर्षे व त्यापुढच्या ७६८ स्त्रियांच्या नोंदी या संचात आहेत. गर्भारपणांची संख्या, साखर, रक्तदाब, दंडाच्या त्वचेची जाडी, इन्शुलिन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा), घराण्यातील मधुमेहाचा निर्देशांक आणि वय असे आठ रकाने. नवव्या रकान्यात पाच वर्षांच्या आत मधुमेह झाला की नाही. २६८ जणींना झाला, ५०० जणींना नाही. १९८८ मध्ये या संचावर पहिले संगणकीय भाकीत प्रसिद्ध झाले.

या आकड्यांत दोन खाचखळगे आहेत. ‘कुणालाच होणार नाही’ असे डोळे मिटून सांगितले तरी ६५ टक्के उत्तरे बरोबर येतात. तेव्हा अहवालात ७५ टक्के अचूकता लिहिलेली असली तर ती या ६५ च्या शेजारी ठेवून वाचावी. दुसरा शून्यांचा. ३७४ स्त्रियांच्या इन्शुलिनच्या रकान्यात शून्य आहे, ३५ जणींचा रक्तदाब शून्य, ११ जणींचा बीएमआय शून्य. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. ही मोजमापे झालीच नव्हती आणि रिकाम्या जागी शून्य भरले गेले. हे न पाहता शिकवलेले मॉडेल ‘मोजले नाही’ ही गोष्टच आजाराची खूण म्हणून शिकून बसते.

आणि रकान्यांत नसलेली एक गोष्ट या नोंदींमागे उभी आहे. पिमा लोक गिला नदीच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वस्ती केलेल्यांनी ते पाणी वळवले, शेती बुडाली, उपासमार झाली आणि पुढे सरकारी शिध्यातला मैदा आणि चरबी ताटात आली. या समाजातील मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक गणले गेले. त्या स्त्रियांच्या आकड्यांवर जगभर प्रोजेक्ट होतात. ते करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास एकदा तरी वाचायला हवा, कारण या मॉडेलने शिकलेला ‘घराण्याचा निर्देशांक’ त्याच इतिहासातून आलेला आहे.

भारतीय तक्ता आणि आशाताईंचा फॉर्म

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. हे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या सगळ्यांची रक्ततपासणी एकदम शक्य नाही, म्हणून आधी चाळणी लागते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर’ मांडला. त्यात चारच प्रश्न आहेत: वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह. काटेकोरपणे पाहिले तर तो आज शरीरात लपलेला मधुमेह हुडकण्यासाठी बांधलेला आहे.

समजा, ५२ वर्षांची बँकेतली कॅशिअर आहे. पन्नाशीपुढे म्हणून ३०, घेर ८६ सेंटिमीटर म्हणून १०, बैठे काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०, आईला मधुमेह म्हणून १०. बेरीज ८०. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे जोखीम जास्त. तिने रक्त तपासून घ्यावे. मूळ अभ्यासात या साठच्या रेषेने ७२.५ टक्के मधुमेही पकडले आणि निरोगी लोकांपैकी ६०.१ टक्के बरोबर वगळले. याचा व्यवहारात अर्थ असा: हजार लोकांत निदान न झालेले शंभर मधुमेही असतील, तर सुमारे ७३ सापडतील, २७ निसटतील, आणि सुमारे ३६० निरोगी माणसांनाही ‘तपासून घ्या’ असे सांगितले जाईल. साखरेच्या स्वस्त तपासणीसाठी हा सौदा चांगला आहे. पुढची तपासणी बायोप्सीची असती, तर हीच चाळणी वापरणे गैर ठरले असते.

सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, आठवड्याची हालचाल, घरातले आजार यांना गुण मिळतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीच्या दिवशी आधी बोलावले जाते. या साखळीतला नाजूक दुवा आहे टेप. घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. साडीच्या निऱ्यांवरून टेप फिरवली तर आकडा सहज फुगतो, आणि स्त्रियांसाठी गुणांची रेघ ८० सेंटिमीटरवर आहे. पुढे कितीही प्रगत मॉडेल बसवले तरी त्याला हाच आकडा मिळणार. आशाताईंच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावर खर्च करणे हा भाकिताच्या अचूकतेवरचाच खर्च आहे.

पुण्याचा धडा

भारतीय शरीराला परके तक्ते का जुळत नाहीत, याचे ठोस उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून मिळाले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणाच्या आधीपासून नोंद सुरू झाली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. हातपाय आणि पोट काटकुळे, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. बारीक तरी चरबीयुक्त, असे हे बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन एस. युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले: दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआयवर भिस्त ठेवणाऱ्या मॉडेलच्या लेखी हे दोघे सारखेच.

त्या गावांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींच्या साखरेत बिघाड दिसला, आणि ही मुले अंगाने सडपातळ होती. ज्यांची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षी वरच्या बाजूला होती, त्यांच्यात तो जास्त आढळला. चेन्नईच्या तक्त्यात पस्तिशीच्या आतल्यांना वयाचे शून्य गुण आहेत, त्यामुळे अशी तरुण मुले त्यातून निसटण्याचीच शक्यता जास्त.

चुकलेली भाकिते

मॉडेल दोन गोष्टींवर पारखतात. जास्त जोखमीचा माणूस कमी जोखमीच्या वर येतो का, ही एक. ज्यांना २० टक्के सांगितले त्यांच्यात खरोखर २० टक्क्यांच्या आसपास आजार होतो का, ही दुसरी. जाहिरातीत पहिलीच दिसते. दुसरी घरच्या माणसांवर तपासावी लागते.

ती न तपासल्याचे फळ अमेरिकेत दिसले. रुग्णालयांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचे सेप्सिसचे, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेचे, मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होते. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २०२१ मध्ये स्वतंत्र तपासणी प्रसिद्ध केली: ते सेप्सिसच्या ६७ टक्के रुग्णांना चुकले होते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांसाठी इशारे वाजले होते. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये उघड झालेली दुसरी चूक जास्त खोल आहे. जादा देखभाल कुणाला द्यायची हे ठरवणारे एक मॉडेल आजाराऐवजी पुढच्या वर्षीचा खर्च भाकीत करत होते. कृष्णवर्णीयांवर मुळात कमी खर्च होत असल्यामुळे सारख्याच आजारपणात त्यांचा गुण खाली लागे. ही विकृती दूर केली तर देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशेब संशोधकांनी मांडला. भारतात विम्याच्या दाव्यांवरून मॉडेल बांधताना हे समोर ठेवायला हवे. जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, त्याचा दावा कुठून येणार?

मोठ्या संचांचा काळ

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले डेल्फी-२एम हे मॉडेल हजाराहून अधिक आजारांची पुढची वाटचाल एकत्र मांडते. ते यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांच्या आरोग्यनोंदींच्या संचातल्या सुमारे ४ लाख लोकांवर शिकले आणि १९ लाख डॅनिश नोंदींवर तपासले गेले. बायोबँकेत ४० ते ६९ वयाचे स्वयंसेवक घेतले गेले, बोलावलेल्यांपैकी ५.५ टक्केच आले, आणि आलेले सर्वसाधारण ब्रिटिशांपेक्षा निरोगी होते. मूळ अभ्यासकांनी ही मर्यादा स्वतःच मांडली आहे.

भारतात २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्यनोंदी जोडण्यासाठीचा ओळख क्रमांक, दिला जातो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची चौकट घातली. पण भाकिताला लागते ती सलग नोंद. गावातला डॉक्टर, तालुक्याचे खासगी रुग्णालय आणि शहरातली लॅब अशा तीन ठिकाणी फिरणाऱ्या रुग्णाचे कागद पिशवीत असतात, आणि पाच वर्षांनी त्याचे काय झाले हे कोणत्याच संगणकाला कळत नाही. तोवर भारतीय मॉडेलसाठी भरवशाची सामग्री पुण्यासारख्या दीर्घ अभ्यासांतूनच मिळेल, जिथे त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाऊन मोजमाप घेतले जाते.